खाऱ्या टाकीने पाहिलेलं गोड पाणी

मित्रांनो, मी काचेची टाकी आहे. वय चारच वर्षांचं, तरी या घरात सगळे मला जुनी टाकीच म्हणतात, आणि आता मलाही तसंच वाटतं. ओसरीच्या कोपऱ्यात मी उभी असते. आत पाणी नाही. तळाशी मूठ-दोन मुठी वाळू आहे, पांढरे पडलेले दोन दगड आहेत, आणि वरच्या कडेला मिठाची एक रेघ आहे. बोटाने खरवडून जिभेला लावाल तर खारट लागेल. सुलतानपूर कुठे आणि समुद्र कुठे! मग या गावातल्या टाकीला मीठ कसं चिकटलं, असं तुम्ही विचाराल. तेच आज सांगते.

माझा जन्म मेहकरला झाला. तिथल्या एका गल्लीत कय्यूमभाई नावाचे काचेचे कारागीर बसतात. खिडक्यांची तावदानं आणि दुकानांची कपाटं हे त्यांचं रोजचं काम. एके दिवशी राजकुमार त्यांच्याकडे आला आणि वहीच्या पानावर काढलेलं चित्र त्याने पुढे ठेवलं.

"पानी गोडं राहीन का खारं?" कय्यूमभाईंनी विचारलं.

"खारं. समुद्रासारखं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग जाड काच लागंल. अशी चीज मी पह्यल्यांदाच करून राह्यलो, भाऊ. पण गळली तर मले बोला."

काच कापली, कडा घासल्या, सांधे चिकटवले. मग त्यांनी मला अंगणात ठेवून काठोकाठ भरलं. तीन दिवस सकाळी उठलं की ते माझ्या प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवायचे. कागद कोरडाच निघायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

राजकुमार हा सुलतानपूरचा शेतकऱ्याचा मुलगा. कोकणात रंगीत मासे वाढवणाऱ्या एका केंद्रात त्याने सहा वर्षं नोकरी केली होती. वडील वामनराव वारले आणि शेताकडे पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून तो गावी परतला. लग्न झालं. बायको पुष्पांजली बारावीपर्यंत शिकलेली, बोलकी, हसरी. निदान लोक तसं सांगायचे. मी घरात आले तेव्हा ती कोणाशीच बोलत नव्हती.

तिची पहिली मुलगी, समीक्षा, अडीच महिन्यांची असतानाच वारली होती. पुष्पांजलीला तेव्हा कावीळ झाली होती, अंगावरचं दूध आटलं होतं. म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू केलं. काही दिवसांनी बाळ सुस्तावलं. ओठ निळसर झाले, नखं निळसर झाली. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेताना वाटेतच तिचा श्वास थांबला. कोणी म्हणालं, काळजाला भोक असेल. कोणी म्हणालं, नजर लागली. खरं काय ते कोणालाच कळलं नाही.

त्यानंतर पुष्पांजली दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. राजकुमारला दुसरं काही सुचेना. आपल्याला जे एक येतं ते तरी करून बघू, असं त्याच्या मनाने घेतलं असावं. म्हणून त्याने मला आणलं, आणि ती ज्या भिंतीकडे बघायची त्याच भिंतीला लावून ठेवलं.

विहिरीच्या पाण्यात त्याने समुद्राचं मीठ मोजून कालवलं. वाळू टाकली, दगड रचले. दीड महिना माझ्यात नुसतं पाणी फिरत होतं. सासूबाई, म्हणजे कोकिळाबाई, येता-जाता पुटपुटायच्या, "एवढं सोन्यासारखं पाणी, अन् त्यात मीठ टाकून नासून राह्यला." शेजारचे कारभारीकाका एकदा म्हणाले, "मीठ इकत कायले आणतं बे? बाजूलेच लोणारचं खारं तळं हाये. दोन ड्रम भरून आण तिथून."

राजकुमार हसला. "काका, थे पाणी खारं हाये, पण समुद्राचं नाही. त्यात हे मासे एक दिवसबी जगणार नाहीत."

मग एका सकाळी कोकणातून थर्माकोलचा डबा आला. केंद्राच्या प्रमुख नसीमा मॅडम यांनी पाठवलेला. त्यात टाकीतच जन्मलेले दोन केशरी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले. आणि प्रवाळाचे चार तुकडे होते, तेही टाकीतच वाढवलेले. समुद्रातून ओरबाडलेलं त्यात काही नव्हतं. त्यातलं सगळ्यात मोठं मऊ प्रवाळ पिवळसर रंगाचं, छत्रीसारखं होतं. पहिले दोन दिवस ते मिटून बसलं. तिसऱ्या दिवशी दिव्याच्या उजेडात त्याच्या अंगावर शेकडो बारीक बोटं उमलली आणि पाण्यात हलायला लागली. दोन्ही मासे जाऊन त्या बोटांत शिरले, जणू आईच्या पदरात.

पुष्पांजली बसल्या जागेवरून उठली. माझ्या काचेला कपाळ टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे जित्तं हाये?"

"हाव," राजकुमार म्हणाला. दोन-अडीच महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली होती.

मित्रांनो, माझे सुखाचे दिवस तेव्हापासून सुरू झाले. पुष्पांजली माझी झाली. सकाळी चहाच्या आधी ती माझी काच पुसायची. मिठाचं प्रमाण, पाण्याची ऊब, दिव्याची वेळ, सगळं तिने राजकुमारकडून शिकून घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं. दुपारी घरात कोणी नसलं की ती माशांशी बोलायची. समीक्षाबद्दल बोलायची. घरात ते नाव कोणी घेत नव्हतं, म्हणून ती ते मला सांगायची.

गावात बातमी पसरली. शाळेची मुलं रांगेने आली, नाकं काचेला चिकटवून उभी राहिली. "सुलतानपुरात समुद्र आला," असं एक मुलगी ओरडली. कोकिळाबाईसुद्धा विरघळल्या. पाहुणे आले की त्याच पुढे होऊन सांगायच्या, "आमच्या सुनेनं ठेवला हाये. हात नका लावू बरं."

पण जीव लावणंही कधीकधी जड होतं. पुष्पांजली माशांना दिवसातून पाच-सहा वेळा खायला घालायची. "खाय माय, खाय," म्हणायची आणि चिमूट टाकायची. मासे खातील तेवढं खायचे, बाकीचं दगडांच्या फटीत जाऊन कुजायचं. पाच-सहा महिन्यांनी माझ्या काचेवर तपकिरी थर चढू लागला. छत्रीसारखं प्रवाळ अर्धवटच उमलू लागलं.

राजकुमारने तपासणीची पेटी काढली. त्यात काचेच्या नळ्या होत्या आणि थेंबांच्या बाटल्या. माझं पाणी नळीत घेऊन त्यात थेंब टाकले, हलवलं, थोडं थांबलं, की पाण्याला रंग यायचा. पिवळा आला तर बरं. नारिंगी आला तर सावध व्हायचं. त्या दिवशी गडद लाल आला.

"नायट्रेट वाढलं," तो म्हणाला.

ते काय असतं, ते त्याने दोघींना समजावून सांगितलं. मासे खातात, घाण करतात, उरलेलं कुजतं. त्यातून आधी जहाल विष तयार होतं. दगडांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या विषाचं रूप पालटत नेतात, आणि शेवटी नायट्रेट उरतं. ते थोडं असेल तर चालतं. साचलं की प्रवाळ कोमेजतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

कोकिळाबाई ऐकत होत्या. "म्हणजे आपला युरियाच म्हण ना."

"त्याचाच भाऊ समज, माय. पिकाले पाह्यजे, पोवळ्याले नको."

उपाय सुरू झाले. पुष्पांजलीने खाणं दिवसातून एकदाच द्यायचं ठरवलं आणि ते पाळलं, जरी मासे तिला पाहून काचेशी धावायचे आणि तिला तोंड फिरवावं लागायचं. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र रोज धुतलं जाऊ लागलं. माझ्या मागच्या खणात एक हिरवं, केसांसारखं शेवाळ सोडलं, त्याच्यावर वेगळा दिवा लावला. ते शेवाळ नायट्रेट खाऊन वाढतं. वाढलं की मूठभर काढून टाकायचं, म्हणजे त्याच्याबरोबर नायट्रेटही बाहेर जातं. आणि दर रविवारी माझं पाव पाणी काढून तेवढंच नवं घालायचं.

शेवाळ फोफावलं. आठवड्यात लाल रंग उतरून नारिंगी झाला. पुष्पांजलीने टाळी वाजवली. रविवारी तिने मोठ्या हौसेने नवं पाणी कालवून घातलं. सोमवारी तपासलं, तर पुन्हा लाल.

असे किती रविवार झाले, ते मी मोजलं नाही. तिच्या वहीत ते सगळं आहे. शनिवारी नारिंगी, सोमवारी लाल. पाणी बदललं की टाकी सुधारते, असं सगळे सांगतात. माझं पाणी बदललं की मी बिघडायची. राजकुमारने वाळू उपसून धुतली, दगड घासले. मला नावं ठेवली. "हिच्यातच काहीतरी खोट हाये," तो म्हणाला. मला फार लागलं ते. माझ्यात काय येत होतं ते मी रोज सांगत होते. ज्या भाषेत मला सांगता येत होतं, त्या लाल रंगाच्या भाषेत. दुसरी भाषा माझ्याकडे नव्हती.

विहिरीवर मात्र कोणाचाच संशय गेला नाही. घराच्या मागेच ती विहीर होती. तिचं पाणी आरशासारखं, चवीला गोड. लग्नकार्याला अर्धं गाव तिथून पाणी न्यायचं. कोकणात राजकुमारला पाणी थेट समुद्रातून मिळायचं, ते तपासायची वेळ कधी आली नव्हती. आणि इथली विहीर वडिलांनी खणलेली. तिच्यावर संशय घेणं त्याच्या मनाला शिवलंच नाही. वरच्या शेतातून दर पावसात पाणी झिरपत खाली येतं, त्याबरोबर खत येतं, आणि काठावरच्या उकिरड्याचंही सगळं तिच्यातच उतरतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

याच दिवसांत पुष्पांजलीला दुसऱ्यांदा दिवस गेले. मुलगी झाली. तिला सगळे छकुली म्हणू लागले. घर पुन्हा बोलू लागलं. मला थोडं कमी बघितलं जाऊ लागलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. पाळणा माझ्याच शेजारी होता. माझ्या पाण्यातून हलणारा उजेड छकुलीच्या अंगावर पडायचा आणि ती मुठी उघडून तो धरू पाहायची.

छकुली दोन महिन्यांची झाली आणि पुष्पांजलीला टायफॉइड झाला. गोळ्या, सलाइन, ताप. दूध पुन्हा आटलं. पुन्हा पावडरचा डबा आला.

या वेळी कोकिळाबाईंनी कसलीही कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. विहिरीचं ताजं पाणी त्या फडक्यातून गाळायच्या आणि चुलीवर ठेवायच्या. एक उकळी आली तरी उतरवायच्या नाहीत. दुसरी येऊ द्यायच्या, तिसरी येऊ द्यायच्या. पाणी निम्मं आटायचं. "पोरीले बाधलं नाही पाह्यजे," म्हणायच्या. मग पदराने भांडं धरून आणायच्या आणि माझ्यासमोर बसून बाटली भरायच्या. मी ते रोज पाहिलं, मित्रांनो. तेच पाणी माझ्यात होतं. तेच.

बारा-तेरा दिवस गेले. एका रविवारी सकाळी राजकुमारने नसीमा मॅडमना फोन लावला. पुष्पांजली अशक्त होती, खाटेवर टेकून बसली होती. फोनचा आवाज मोठा केलेला होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. खाणं, शेवाळ, यंत्र, वाळू. मग त्या म्हणाल्या, "राजकुमार, पाणी बदललं की नायट्रेट वाढतं म्हणतोस. मग टाकीला कशाला दोष देतोस? नवं पाणी तपासलंस का कधी?"

"विहिरीचं हाये मॅडम. आम्ही पेतो थेच."

"पिता ते माहीत आहे. तपासलंस का?"

त्याने नळी धुतली, स्वयंपाकघरातल्या हंड्यातून पाणी घेतलं. थेंब टाकले, हलवलं. थांबायचीही गरज पडली नाही. नळीतलं पाणी बघता-बघता लाल झालं. माझं कधी झालं नव्हतं इतकं लाल.

"आईशप्पथ," तो म्हणाला. "विहीरच हाये ही. सापडलं, पुष्पा! वर्षभर टाकीले उगीच..." त्याच्या आवाजात आनंद होता. कोडं सुटल्याचा आनंद. त्याला अजून कळलं नव्हतं.

पुष्पांजली त्या नळीकडे बघत होती. "हे लय वाढलं तर माशाले काय होते?" तिने हळू विचारलं.

"दमतात. श्वास पुरत नाही. त्याइच्या रक्तातच..." बोलता-बोलता त्याची नजर पाळण्याकडे गेली.

चुलीजवळून चमचा आपटल्याचा आवाज आला. कोकिळाबाई डब्यातून पावडर मोजत होत्या. एक, दोन, तीन.

पुष्पांजली उठली. तिच्यात उठायचं बळ नव्हतं, तरी उठली. पाळण्याशी गेली. छकुली गेले दोन दिवस फार झोपत होती; तापलेल्या दिवसांमुळे असेल, असं सगळे म्हणत होते. तिने बाळाला उचललं, दारात उन्हात नेलं, आणि अंगठ्याने तिचा खालचा ओठ उघडून पाहिला.

"अवो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "समीक्षाचे ओठ असेच झाले होते."

घरात त्या दिवशी ते नाव पहिल्यांदा सगळ्यांसमोर उच्चारलं गेलं.

कोकिळाबाई बाटली हलवत आल्या होत्या. पुष्पांजलीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि अंगणात रिकामी केली. राजकुमार तोवर जीप बघायला धावला होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. मेहकरच्या डॉक्टरांनी तसंच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे बाळाचं रक्त काढलं, तर ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. पुष्पांजलीने लाल झालेली ती नळी बूच लावून पदराच्या गाठीत बांधून नेली होती. डॉक्टरबाईंनी ती पाहिली, दुधात हेच पाणी घालता का, एवढंच विचारलं, आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. तासाभरात छकुलीच्या ओठांना रंग आला.

कोकिळाबाईंनी डॉक्टरांचा हात धरला. "पण मी उकळून देत होती बाई. तीन-तीन उकळ्या आणत होती."

"उकळून जंतू मरतात, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, ते मागे राहतं. जितकं आटवाल तितकं दाट होतं. मोठ्यांना ते सहसा जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला त्यामुळे प्राणवायू वाहून नेता येत नाही."

कोकिळाबाई तिथेच फरशीवर बसल्या.

पुष्पांजलीने आणखी एक विचारलं. पहिलीला हेच झालं होतं का? "आता ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग पुष्पांजलीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ते अकरा दिवस दवाखान्यात होते. जाताना किल्ली कारभारीकाकांकडे दिली होती. काका मनाने चांगले. मासे उपाशी राहू नयेत म्हणून ते सकाळ-संध्याकाळ मूठ भरून खाणं टाकायचे. पाणी कमी झालं की विहिरीची बादली ओतायचे. मध्ये एक दिवस-रात्र वीज नव्हती, माझा पंप बंद पडला. नंतर तो सुरू झाला, पण फेस काढणारं यंत्र सुरू झालं नाही. ते काकांना माहीत नव्हतं.

प्रवाळ काही ओरडत नाही, मित्रांनो. ते आधी मिटतं. मग त्याच्या कडा पांढुरक्या, बुळबुळीत होतात. मग ते पाण्यात विरघळत जातं. छत्रीसारखं पिवळं प्रवाळ गेलं तेव्हा तिथे एक काळा डाग उरला. दोन माशांपैकी धाकटा त्याच दिवशी तळाशी गेला. दुसरा मासा मात्र त्या उघड्या दगडाशी येत राहिला. यायचा, अंग घासायचा, तिथे बोटं नाहीत हे कळलं की मागे सरायचा आणि पुन्हा यायचा.

घरचे परतले तेव्हा दार उघडताच वास आला. पुष्पांजली छकुलीला छातीशी धरून माझ्यासमोर उभी राहिली. पाणी पिवळं झालं होतं. ती रडली नाही. "तूच सांगून राह्यली होती," ती मला म्हणाली, "आम्हालेच वाचता आलं नाही."

राजकुमार माझ्याकडे बघूच शकला नाही. तो पायरीवर बसून राहिला. "माशाचं पाणी दर हफ्त्याले तपासलं," तो म्हणाला, "अन् पोरीचं एकदाबी नाही."

माशांबद्दल सगळं माहीत असलेल्या या माणसाने त्यानंतर तपासणीच्या पेटीला हात लावला नाही. त्याने विहिरीच्या काठावर पत्रा उभा केला आणि त्याच्यावर रंगाने लिहिलं, 'हे पाणी पिऊ नका.' भाऊबंद चिडले. विहिरीचं नाव खराब केलं म्हणाले. कारभारीकाकांनी दोन महिने बोलणं टाकलं. पिण्याचं पाणी आता गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्रावरून कॅनने येऊ लागलं. घराला ते पुरायचं. माझ्यासाठी तीनशे लिटर कोण आणणार? आणि आणा, असं मी तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

उरलेल्या एका माशाला पुष्पांजलीने काचेच्या बरणीत, चांगल्या पाण्यात मीठ कालवून ठेवलं. तो सहा आठवडे जगला. एका सकाळी तो आडवा दिसला. तिने तो ओंजळीत घेतला, आणि लिंबाखाली खड्डा करून पुरला.

घरात सगळ्यात जास्त खचल्या त्या कोकिळाबाई. त्यांनी चूल सोडली. त्या माझ्याकडे पाठ करून ओसरीत बसायच्या. छकुली रडली तरी तिला हात लावायच्या नाहीत. "माह्या हातानं दोघीइले..." एवढंच म्हणायच्या आणि पुढचं गिळायच्या.

एके दिवशी पुष्पांजलीने दूध कालवलं. कॅनच्या पाण्यात. बाटली घेऊन ती सासूसमोर बसली आणि छकुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"नको व माय, मले नको," कोकिळाबाई हात मागे घेत म्हणाल्या.

"आत्या, थे तुमच्याच हातून पेते. मले माहीत हाये तुमी काय करत होत्या. तुमी तिले जपत होत्या." पुष्पांजलीने त्यांच्या बोटांत बाटली दिली, आणि वर आपला हात धरून ठेवला. कोकिळाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी बाळाच्या गालावर पडलं. छकुली मात्र पीत राहिली.

माझ्यातलं पाणी उपसलं, दिवे काढले, पंप काढला. मला ओसरीच्या कोपऱ्यात सरकवलं. वर गोणपाट टाकलं. शाळेची मुलं आता येत नाहीत. आली तरी वाकून बघतात, "यात काही नाही," म्हणतात आणि पळतात.

तपासणीची पेटी मात्र पुष्पांजलीने टाकली नाही. तिची ती झाली. ती गावात फिरली. ज्या घरी पोटुशी बाई किंवा तान्हं बाळ, तिथे जाऊन म्हणायची, "तुमचं पाणी दाखवा." काही घरांनी पाणी दिलं. काही घरांनी दारातूनच वाटेला लावलं. तिच्या मागे बायका कुजबुजायच्या, पोरीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं. काही नळ्या पिवळ्या निघाल्या, तेव्हा ती हसून परतायची. काही लाल निघाल्या. लाल निघालेल्या घराचं नाव ती वहीत लिहायची आणि ग्रामपंचायतीत जाऊन वाचून दाखवायची. पाण्याची टाकी बांधून देऊ, असं ते म्हणतात. अजून ती बांधली गेलेली नाही.

या महिन्यातली गोष्ट. भर दुपारी एक बाई आली, शेतवस्तीवरून, दीड कोस चालून. पोटाशी महिन्याचं बाळ. तिने पदराखालून स्टीलचा तांब्या काढला आणि ओसरीत ठेवला. "आमच्या बोरचं हाये," ती म्हणाली. "तुमी पाहता म्हणून ऐकलं."

पुष्पांजलीने पेटी उघडली. एका बाटलीत शेवटचेच थेंब उरले होते. तिने ती उलटी धरून, तळावर टिचकी मारून ते नळीत पाडले. दोघी थांबल्या. मी गोणपाटाच्या फटीतून बघत होते.

नळी लाल झाली.

ती बाई काही समजली नाही, पण पुष्पांजलीचा चेहरा पाहून तिने बाळाला छातीशी ओढलं. पुष्पांजलीने तिला शांतपणे सांगितलं. अंगावरचंच दूध पाजायचं. वरचं द्यायची वेळ आली तर यंत्राचं पाणी न्यायचं. उकळून चालणार नाही. ओठाला निळी झाक दिसली तर घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. मग तिने घरातला पाण्याचा भरलेला छोटा कॅन आणून तिच्यासमोर ठेवला.

बाई उठली. जाता-जाता थांबली. "ताई, तुमाले हे कसं कळलं व?"

पुष्पांजलीने रिकामी बाटली पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"मले उशिरा कळलं," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. मला पुन्हा भरा, माझ्यात पुन्हा मासे सोडा, असं मी मागत नाही. एकच मागते. तुमच्या घरातलं पाणी कितीही नितळ दिसलं, कितीही गोड लागलं, आजोबांनी खणलेल्या विहिरीचं असलं, तरी वर्षातून एकदा ते तपासायला द्या. शाळेत सरांना विचारा, ग्रामपंचायतीत विचारा, लाज वाटू देऊ नका. आणि तुमच्या घरात एखादा मासा, एखादं रोप, एखादं मुकं जनावर वारंवार कोमेजत असेल, तर त्यालाच खोट आहे असं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्या पोटात आपण रोज काय घालतो, ते आधी बघा.